गोठ्याचे कौलारू छप्पर : वाशाला खाच पाडताना घ्यावयाची काळजी

गोठ्याच्या छपराचा वासा अनेकदा मधोमध न मोडता भिंतीपाशी, खाचेतच चिरतो. खाच गरजेपेक्षा खोल पाडणे हे त्याचे मुख्य कारण. पावसात भिजलेल्या कौलांचे वजन वाढते आणि खाली जनावरे बांधलेली असतात. त्यामुळे सुताराला काम देतानाच मापे ठरवून घ्यावीत.

खाच कशासाठी?
तिरका वासा भिंतीवरच्या आडव्या तुळईवर नुसता टेकवला, तर तो तिच्या कडेवरच बसतो आणि सगळा भार खिळ्यांवर येतो. खाच पाडल्यास वाशाला सपाट बैठक मिळते व तो खाली घसरत नाही.

मापे कशी काढावीत?
उदाहरणासाठी १६ फूट रुंद (तुळयांच्या बाहेरच्या कडांमधील अंतर) गोठा घेऊ. मधल्या आढ्यापर्यंत आडवे अंतर ८ फूट. कोकणातील पावसासाठी दर फुटाला ७ इंच चढ ठेवावा, म्हणजे साधारण ३० अंशांचा उतार मिळतो.

- या उतारावर आडव्या एका फुटाला वाशाची लांबी १३.९ इंच लागते. ८ फुटांसाठी सुमारे १११ इंच (९ फूट ३ इंच).
- वळचण आडवी २ फूट बाहेर काढायची असल्यास आणखी २८ इंच. एकूण ११ फूट ७ इंच. म्हणून १२ फुटी लाकूड घ्यावे.
- आढ्याची फळी दीड इंच जाड असेल, तर वरच्या टोकाला तिची निम्मी जाडी, म्हणजे पाऊण इंच, आडव्या मापाने वजा करावी.

खाच आखणे व कापणे
१. लोखंडी गुण्या वाशावर असा धरावा, की वाशाच्या एकाच कडेवर लांब पात्यावरचे १२ व आखूड पात्यावरचे ७ इंच येतील. आखूड पात्याची रेघ उभी, लांब पात्याची आडवी.
२. वरच्या कडेने १११ इंच मोजून तुळईच्या बाहेरच्या कडेची उभी रेघ मारावी.
३. त्या रेघेवर खालच्या कडेपासून पावणेदोन इंच वर खूण करावी. खुणेपासून आढ्याच्या दिशेने आडवी रेघ ओढल्यास ३ इंचांची बैठक मिळते.
४. करवत रेघेच्या कोपऱ्यापलीकडे नेऊ नये. चीर तिथूनच सुरू होते. कोपरा पटाशीने साफ करावा.

नियम एकच : खाचेची खोली वाशाच्या उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त नसावी. ५ इंच उंचीच्या वाशात वरील खाच काटकोनात दीड इंच खोल जाते, ती चालते. तुळई ४ इंच रुंद आहे म्हणून बैठकही ४ इंच घेतली, तर खोली २ इंच होते. असे करू नये.

बसवताना
- पहिली जोडी कापून जागेवर लावून पाहावी. नीट बसल्यावर त्यातील एक वासा नमुना ठेवून बाकीचे आखावेत.
- ओले लाकूड वापरू नये. ते आकसले की खाच सैल होते.
- समोरासमोरचे वासे आडव्या पट्टीने बांधावेत, म्हणजे भिंती बाहेर ढकलल्या जात नाहीत.
- खाच वाऱ्याचा उचल भार घेत नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगड-रत्नागिरीत अनेक छपरे उडाली. प्रत्येक वासा लोखंडी पट्टीने तुळईला आवळावा.

जुना गोठा असेल तर
मे महिन्यातच प्रत्येक खाच खालून पाहावी. कोपऱ्यातून लाकडाच्या रेषेने चीर निघालेली दिसल्यास आधी वाशाला टेकू द्यावा, जनावरे दुसरीकडे बांधावीत आणि मग दोन्ही बाजूंनी फळ्या लावून नटबोल्टने आवळाव्यात. नुसते खिळे ठोकल्यास चीर वाढते.