परवलीचा शब्द : झाकणे आणि जपणे

परवलीचा शब्द झाकणे आणि जपणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे संगणकाच्या इतिहासावरून स्पष्ट होते. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत फर्नांडो कॉर्बातो यांच्या नेतृत्वाखाली १९६१ मध्ये सीटीएसएस ही प्रणाली सादर झाली. एकच संगणक अनेक जण वापरत असल्याने प्रत्येकास परवलीचा शब्द देण्यात आला. मात्र हे शब्द मूळ रूपातच साठवलेले होते. १९६६ मध्ये दोन फाइलींची अदलाबदल झाली आणि दैनंदिन सूचनेऐवजी सर्वांच्या शब्दांची यादीच प्रत्येकासमोर आली.

१९७० च्या दशकात युनिक्स प्रणालीत मूळ शब्दाऐवजी, ज्यावरून तो उलट शोधता येत नाही असे त्याचे गणिती रूप साठवले जाऊ लागले. रॉबर्ट मॉरिस व केन थॉम्पसन यांनी १९७९ मध्ये या पद्धतीची मीमांसा केली.

विंडोज ९५ मध्ये पडद्यावर केवळ तारांकने दिसत. त्यांमागे चौकटीत भरलेला शब्द संगणकाच्या स्मृतीत तसाच असे. त्यामुळे विसरलेला शब्द एखाद्या लहानशा प्रोग्रामच्या साहाय्याने वाचता येई. परंतु मालकास उपयोगी पडणारी ही वाट परक्यासही खुली होती. म्हणूनच जुना शब्द परत न मिळता नवा घ्यावा लागणे, हा प्रणालीचा दोष नसून सुरक्षिततेचे मोल होय.