सिकंदर साहेबाचे आजोळ

आपल्याकडे कुळाचा शोध घ्यायचा म्हटला, की नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वह्या हाताशी असतात. आजा, पणजा, खापरपणजा ओळीने सापडत जातात. पण कंपनी सरकारच्या अमदानीत अर्धे साहेबी आणि अर्धे देशी असे जे संसार उभे राहिले, त्यांचे कूळ कोणत्या वहीत पाहावे? शिंद्यांच्या कवायती कंपूंची हकीकत वाचताना जेम्स स्किनर भेटला, आणि या प्रश्नाने मला धरून ठेवले.

बापाची बाजू सोपी. हर्क्युलीस स्किनर हा स्कॉटिश, कंपनीच्या फौजेतला अधिकारी. जेम्सचा जन्म १७७८ चा. आईविषयी जेम्स आत्मवृत्तात सांगतो, की ती भोजपूर प्रांतातल्या रजपूत जमीनदाराची लेक. बनारसच्या चेतसिंग राजाशी झालेल्या लढाईत चौदाव्या वर्षी ती कैद झाली आणि पुढे हर्क्युलीसच्या घरी आली. पण येथे सनावळी आडवी येते. चेतसिंगाशी कंपनीची लढाई जुंपली ती १७८१ साली. तेव्हा जेम्स तीन वर्षांचा! म्हणजे जन्मसाल तरी चुकले, नाहीतर लढाई तरी दुसरी. आईच्या तोंडून ऐकलेल्या गोष्टीला पुढे एका गाजलेल्या लढाईचे नाव चिकटले असावे, असा माझा तर्क आहे.

त्या माउलीचा शेवट मात्र लेकाने स्पष्ट लिहिला आहे. मुलींना शाळेत धाडायचे बापाने ठरविले. पडदा मोडला, रजपुतांची अब्रू गेली, असे मानून तिने १७९० साली जीव दिला.

१७९१ साली कंपनीने देशी आईच्या मुलांना आपल्या सेवेची दारे बंद केली. जेम्स शिंद्यांच्या चाकरीत शिरला. १८०३ साली इंग्रजांशी युद्ध पेटताच, बाप इंग्रजांकडचा म्हणून तेथूनही त्याला निरोप मिळाला. आईमुळे एक दार मिटले, बापामुळे दुसरे! मग लॉर्ड लेकच्या हाताखाली त्याने पिवळ्या डगल्यांचा रिसाला उभारला, आणि लोक त्याला सिकंदर साहेब म्हणू लागले. दिल्लीच्या काश्मिरी दरवाजाजवळचे त्याने बांधविलेले चर्च १८३६ पासून उभे आहे.

याच गृहस्थाने १८३० साली हिंदुस्थानातल्या राजेरजवाड्यांच्या घराण्यांची माहिती देणारा सचित्र फारसी ग्रंथ सिद्ध केला. दुसऱ्यांच्या पिढ्या त्याने हौसेने जमविल्या. आपल्या आजोळाबद्दल मात्र त्याच्यापाशी एवढी एकच हकीकत होती, आणि तीही सनावळीत न बसणारी.

आपल्याही वह्यांतून बहुधा बापाच्याच ओळी पुढे सरकतात. वाचकहो, दिवाळीत घर भरलेले असते. फराळाचे ताट पुढे असताना आजीला तिचे माहेरचे नाव, गाव आणि तिच्या आईचे नाव विचारा, आणि सनासह लिहून ठेवा. नातवंडांना मग आमच्यासारखा तर्क करीत बसावे लागणार नाही.