अर्ध्या घराला लस, अर्ध्या घराला नाही

मागून घरघर ऐकू येत असेल तर इअरफोन बदलू नका, ती आमच्या लकडगंजची आरा मशीन आहे. रविवारी सकाळी रेकॉर्डिंगला बसलो तरी कोणी ना कोणी सागवान चिरतच असतं. ज्यांना ती घरघर सहन होत नाही त्यांच्यासाठी हा नेहमीसारखा लिहिलेला भाग.

आजचा विषय एका शब्दाचा आहे, कंट्रोल ग्रुप. मी सॉफ्टवेअरमधला माणूस, त्यामुळे हा शब्द माझ्या रोजच्या वापरातला. ॲपमधलं बटण हिरवं ठेवायचं की निळं, हे ठरत नसेल तर अर्ध्या युजरना हिरवं दाखवायचं, अर्ध्यांना निळं, आणि दोन आठवड्यांनी आकडे बघायचे. ज्याला निळं बटण मिळालं त्याचं काही बिघडत नाही. त्याला पत्ताही लागत नाही. आता बटणाच्या जागी लस ठेवा, आणि दाराबाहेर प्लेग.

हे खरंच झालंय, आणि मराठी राजाच्या राज्यात झालंय. पण गोष्ट सुरू होते मुंबईपासून.

सप्टेंबर १८९६. मांडवीतल्या गोदामांच्या वस्तीत लोक तापाने आणि जांघेतल्या गाठींनी मरायला लागले. डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी ओळखलं की हा गाठीचा प्लेग आहे. त्यानंतर मुंबई रिकामी होत गेली. सरकारने वाल्डेमार हाफकिनला बोलावलं. हा ओडेसाचा ज्यू शास्त्रज्ञ, पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेला, आणि कॉलऱ्याची लस घेऊन आधीपासून भारतात काम करत होता. ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये त्याला जागा मिळाली, तीही तुटपुंजीच. तिथे तो मांसाच्या रसात तुपाचे थेंब तरंगत ठेवून त्यांच्याखाली प्लेगचे जंतू वाढवायचा. हो, तूप, आपलं घरचं. वाढलेले जंतू गरम करून मारायचे, झाली लस. १० जानेवारी १८९७ ला त्याने पहिलं इंजेक्शन स्वतःला टोचून घेतलं.

स्वतःवर प्रयोग करणाऱ्या शास्त्रज्ञाबद्दल आपल्याला लगेच आदर वाटतो, मलाही वाटतो. पण त्याने सिद्ध एवढंच झालं की या लशीने एक माणूस मरत नाही. लस प्लेग थांबवते की नाही, हे कळायला दुसरे लोक लागतात, आणि टोचून न घेतलेले लोकही लागतात.

ते लोक सापडले भायखळ्याच्या तुरुंगात. जानेवारीच्या शेवटी तिथे प्लेग शिरला. सुमारे दीडशे कैद्यांनी लस घेतली, त्याहून थोडे जास्त तसेच राहिले. बराक तीच, जेवण तेच. पुढच्या दिवसांत लस न घेतलेल्यांपैकी १२ जणांना प्लेग झाला, त्यातले ६ गेले. लस घेतलेल्यांपैकी दोघांना झाला आणि मेला कोणीच नाही.

इंजिनिअर म्हणून मला ही मांडणी आवडते. शहरात लस घ्यायला पुढे येणारा माणूस बहुतेक शिकलेला असतो, बऱ्या घरात राहतो आणि वेळ आली तर गाव सोडून जाऊ शकतो. तो वाचला तर लशीने वाचला की पैशाने, सांगता येत नाही. तुरुंगात हा घोळ पुष्कळ कमी होतो, कारण आतल्या प्रत्येकाची परिस्थिती सारखीच. पण आकडे ज्यामुळे स्वच्छ मिळतात त्याच गोष्टीमुळे संमती गढूळ होते. नोंद म्हणते की कैदी स्वयंसेवक होते. साहेब, जेलर आणि डॉक्टर तिघं समोर उभे असताना कैद्याचा ‘हो’ किती त्याचा असतो? न्युरेंबर्ग संहितेतलं पहिलंच कलम स्वेच्छेच्या संमतीचं आहे, पण ती आली १९४७ मध्ये, नाझी डॉक्टरांच्या खटल्यानंतर. भायखळ्याच्या वेळी असं काही लिहिलेलं नव्हतं.

आता मुख्य प्रसंग. फेब्रुवारी १८९८, बडोदा संस्थान, सयाजीराव गायकवाडांची कारकीर्द. बडोद्याजवळचं उंढेरा हे छोटं गाव. तिथे प्लेगने आधीच बरेच बळी घेतले होते. हाफकिनने गावकऱ्यांना घराघरानुसार उभं केलं आणि प्रत्येक घरातल्या साधारण अर्ध्या माणसांना लस टोचली. पुरुषांतले अर्धे, बायकांतल्या अर्ध्या, पोरांतली अर्धी. उरलेल्यांना नाही.

पुढे २८ घरांत प्लेग शिरला. त्या घरांत टोचलेले ७१ जण होते, त्यातले ८ आजारी पडले आणि ३ वारले. न टोचलेले होते ६४. त्यातले २७ आजारी पडले आणि २६ वारले.

एकच चूल, एकच पाणी, तेच उंदीर. (प्लेग पिसवांमुळे पसरतो हे तेव्हा ठाऊक नव्हतं, सिमाँडने ते त्याच वर्षी पुढे कराचीत दाखवलं.) तुलना म्हणून याहून चोख काही शोधून सापडणार नाही. आणि हीच गोष्ट मला झोपू देत नाही. दोन भाऊ रांगेत उभे आहेत, सुई एकाला मिळाली, दुसऱ्याला नाही, आणि महिन्याभरात आईला कळलं की फरक तेवढाच होता.

मग हाफकिन चुकला का? इथे लोक दोन गटांत भांडतात. ते भांडण तत्त्वज्ञानात फार जुनं आहे, म्हणून थोडं सरळ करून सांगतो.

एक बाजू उपयुक्ततावादाची, म्हणजे बेंथम आणि मिल यांची. कृतीचा हिशोब परिणामांवर करायचा. उंढेऱ्यात २६ माणसं गेली हे दुःख खरं, पण त्या आकड्यांमुळे लशीवरचा विश्वास वाढला तर पुढे हजारो वाचतात. दुसरी बाजू कांटची. माणूस हा कोणाच्या तरी उद्दिष्टाचं नुसतं साधन होता कामा नये, मग ते उद्दिष्ट कितीही चांगलं असो. रांगेतल्या दुसऱ्या भावाला कोणी विचारलं होतं का?

हे वाद कॉलेजात शिकवतात तेव्हा ते परदेशी वाटतात. पण मराठीत ते शंभरहून जास्त वर्षांपूर्वी येऊन गेलेत. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ मध्ये छापलेल्या गीतारहस्यात टिळकांनी यासाठी अख्खं प्रकरण दिलंय, नाव ‘आधिभौतिक सुखवाद’. बेंथम-मिलची बाजू ते नीट मांडतात आणि मग म्हणतात की नुसती डोकी मोजून नीती ठरत नाही, करणाऱ्याची बुद्धी कशी आहे ते बघावं लागतं. गंमत बघा. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग कमिशनर रँडच्या सोजिरांनी घरं तपासताना धुडगूस घातला, जूनमध्ये चापेकरांनी रँडला गोळी घातली, आणि केसरीतल्या लेखनासाठी राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांना दीड वर्षाची शिक्षा झाली. त्या शिक्षेतले काही दिवस ते भायखळ्याच्याच तुरुंगात होते. ‘जास्त लोकांचं भलं’ म्हणत सरकार दारात बूट घालून कसं शिरतं, हे त्यांनी पुस्तकात वाचलेलं नव्हतं.

पण टिळकांची कसोटी लावली तरी उंढेऱ्याचं उत्तर पटकन येत नाही. हाफकिनची बुद्धी चांगलीच होती, त्याने आधी सुई स्वतःला लावली होती. आज संशोधक आणखी एक कसोटी लावतात, १९८७ मध्ये बेंजामिन फ्रीडमनने मांडलेली. उपचार खरंच चालतो का याबद्दल जाणत्या डॉक्टरांमध्ये प्रामाणिक मतभेद असेल, तरच अर्ध्यांना तो न देणं चालतं. १८९८ मध्ये असा मतभेद होता. अनेक डॉक्टर हाफकिनच्या आकड्यांवर शंका घेत होते. पण खुद्द हाफकिनला शंका नव्हती. भायखळ्यानंतर दमण आणि खडकीचेही आकडे त्याच्या हातात होते. म्हणजे उंढेऱ्याचा प्रयोग तो स्वतःसाठी करत नव्हता, न मानणाऱ्यांसाठी करत होता. मला वाटतं, खरी टोचणी इथे आहे. दुसऱ्यांचा विश्वास बसावा म्हणून किती घरं पणाला लावायची?

हाफकिनचं पुढे काय झालं ते थोडक्यात. १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवालला एका बाटलीतल्या लशीने १९ जण धनुर्वाताने गेले, दोष त्याच्यावर आला आणि तो निलंबित झाला. रोनाल्ड रॉससारख्यांनी त्याची बाजू लावून धरली, १९०७ मध्ये तो निर्दोष ठरला. परळच्या त्याच्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये त्याचं नाव दिलं.

तुम्ही म्हणाल, हे सगळं इंग्रजांच्या काळातलं, आता असं होत नाही. चला उस्मानाबादला, म्हणजे आजच्या धाराशिवला.

प्रश्न गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा. बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था यांनी मिळून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांचे गावगटांनुसार चार भाग केले. एका भागाची एचपीव्ही तपासणी, दुसऱ्याची पॅप तपासणी, तिसऱ्याची व्हिनेगर लावून डोळ्यांनी पाहणी. चौथा भाग ३१,४८८ बायकांचा, त्यांना ‘नेहमीची सेवा’. त्या भागात नेहमीची सेवा म्हणजे तपासणी नाहीच.

निकाल २००९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. एचपीव्ही गटात या कॅन्सरने ३४ मृत्यू, चौथ्या गटात ६४. मधल्या दोन गटांत मृत्यू म्हणावे तसे कमी झालेच नाहीत.

मधल्या गटांची ही ओळ महत्त्वाची आहे. आपल्या खेड्यात, आपल्या दवाखान्यांत कोणती पद्धत चालेल हे खरंच कोणाला माहीत नव्हतं, ते या चाचणीने कळलं. म्हणून तीन पद्धतींची तुलना मला पूर्ण पटते. चौथ्या गटाचं समर्थन वेगळं आहे. ते असं, की तिथे तपासणी आधीही नव्हती, मग आम्ही कोणाचं काय काढून घेतलं? टीकाकारांचं म्हणणं, पॅप तपासणीने मृत्यू घटतात हे पाश्चात्त्य देशांत दशकांपासून माहीत होतं, अमेरिकेत अशा चाचणीत ‘काहीच नाही’ हा गट कोणी मंजूर केला नसता. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा मेमोरियलने दीड लाखावर बायकांची अशीच चाचणी केली होती. त्यात व्हिनेगरच्या वारंवार तपासणीने मृत्यू ३१ टक्के घटले. पैसा अमेरिकन सरकारी संस्थेचा असल्याने तक्रार तिकडे गेली, आणि बायकांना इतर तपासण्यांची पुरेशी माहिती दिली नव्हती, असा आक्षेप तिथल्या नियामक कार्यालयाने नोंदवला.

‘आधीही नव्हतं’ हा युक्तिवाद मला पचत नाही. तो ऐकायला बरोबर वाटतो, कारण गरिबीला तो हवामानासारखी गोष्ट मानतो. इथे मला जॉन रॉल्स उपयोगी वाटतो. त्याचं म्हणणं सोपं करून सांगायचं तर, नियम ठरवताना आपण कोणाच्या पोटी जन्मणार हे आपल्याला माहीत नाही असं धरा. मी मुंबईच्या मोठ्या डॉक्टरची बायको असेन किंवा परंड्याच्या शेतमजुराची. हे ठाऊक नसताना मी चौथा गट मंजूर केला असता का? पॅपची सोय निदान मागेल तिला, असं कलम तरी मी घालून घेतलं असतं.

पण दुसरी बाजूही कापून टाकता येत नाही. चौथा गट नसता तर एचपीव्ही तपासणीच्या एकाच फेरीने मृत्यू जवळपास निम्मे होतात, हे इतक्या ठामपणे कोणी लिहू शकलं नसतं, आणि आरोग्य खात्यातल्या बाबूंनी ‘पुरावा काय?’ म्हणून फाईल परत पाठवली असती. म्हणजे परत उंढेरा. न मानणाऱ्यांना पटवायची किंमत कोणी भरायची?

२०२० च्या अखेरीस आपल्या नागपुरातल्या एका लसचाचणीत माझा एक मित्र गेला होता. लस मिळाली की नुसतं द्रावण, त्याला माहीत नव्हतं. पण जाड कागदपत्र वाचून, दोनदा प्रश्न विचारून, सही करून तो गेला होता, आणि मधेच सोडून यायची मुभा होती. त्याला विचारलं, द्रावण निघालं असतं तर? म्हणाला, “माहीत होतं ना बे, तेवढ्यासाठीच तर गेलो.” उंढेऱ्याच्या रांगेतल्या भावाला हे वाक्य म्हणता आलं नसतं.

आजच्यापुरतं एवढंच. एक कामाची गोष्ट. २०१६ पासून केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार ३० ते ६५ वयाच्या बायकांची गर्भाशयमुखाची तपासणी दर पाच वर्षांनी व्हायला हवी, बहुतेक ठिकाणी तीच व्हिनेगरची. भाग लिहिताना आईला विचारलं, तिची एकदाही झालेली नाही. मंगळवारी जातोय आम्ही.