झटक्याआधीची कळ

धाराशिव जिल्ह्यात छातीत कळ आली की पहिलं निदान बहुधा घरातच होतं: गॅस. ओवा चावायचा, सोडा प्यायचा, जरा टेकायचं आणि पुन्हा कामाला लागायचं.

लंडनच्या विल्यम हेबर्डन यांनी १७६८ मध्ये डॉक्टरांच्या सभेत या कळीचं वर्णन केलं. ती चालताना येते, चढावर आणि जेवणानंतर हमखास येते, थांबलं की जाते. त्यांच्या एका रुग्णाने रोज अर्धा तास लाकूड कापण्याचा नेम धरला आणि तो जवळजवळ बरा झाला. हेबर्डन यांनी ते लिहून ठेवलं. का बरा झाला, हे सांगण्याची तेव्हा सोय नव्हती.

मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील सर्पगंधा आणि रक्तदाबासाठी जगाला माहीत आहेत. पण १९६४ मध्ये त्यांनी हृदयविकाराच्या झटक्याआधीच्या याच कळीवर, तिच्या उपचारांवर आणि पुढच्या पाठपुराव्यावर निबंध लिहिला. त्यांच्या लेखी ती धोक्याची घंटा होती. रक्त न गोठण्याची औषधं देऊन झटका टाळता येतो का, हे ते पाहत होते.

कळीची दुसरी बाजू १९८६ मध्ये दिसली, तीही कुत्र्यांच्या हृदयात. अमेरिकेत मरी, जेनिंग्ज आणि रायमर यांनी हृदयाची एक धमनी पाच मिनिटं बंद केली, पाच मिनिटं सोडली. असं चार वेळा. मग ती सलग ४० मिनिटं बंद ठेवली. मेलेला भाग नेहमीच्या चौथाईवर आला! थोड्या उपासमारीने स्नायू जणू काटकसर शिकला होता. माणसांतही याचा पडताळा दिसला. १९९५ च्या एका अमेरिकी अभ्यासात झटका आलेल्या रुग्णांपैकी आधी कळ येऊन गेलेल्यांतले ३ टक्के रुग्णालयात दगावले, कळ न आलेल्यांतले ८ टक्के.

म्हणून कळ अंगावर काढावी, असं मुळीच नाही. त्याच प्रयोगात कुत्र्यांची धमनी तीन तास बंद ठेवली, तेव्हा सगळा फायदा धुऊन गेला. वृद्धांत आणि मधुमेहींत तर हे संरक्षण मुळातच कमी पडतं. शिवाय सवय झालेल्या हृदयालाही रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन किंवा कॅथलॅब लागतेच, आणि तीही वेळेत.

आणि वेळेत पोचणं अंतरावर ठरतं: धाराशिवहून सोलापूर सुमारे ७० किलोमीटर. तिथे वैद्यकीय महाविद्यालय १९६३ मध्ये निघालं, वकील यांच्या निबंधाच्या आदल्या वर्षी. धाराशिवला स्वतःचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळायला २०२२ उजाडलं.