वहीला जोडलेलं पान
नोंदी ठेवणाऱ्याला लिहिण्याचा त्रास फारसा नसतो. लिहिलेलं पुन्हा सापडत नाही, हा खरा त्रास. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक याने यावरचा आपला तोडगा १६८६मध्ये एका फ्रेंच भाषेतल्या नियतकालिकात छापला. वहीच्या सुरुवातीच्या दोन पानांवर तो एक तक्ता आखे. प्रत्येक अक्षरापुढे पाच स्वरांची पाच घरं. नोंदीच्या शीर्षकाचं पहिलं अक्षर आणि त्यानंतरचा पहिला स्वर पाहायचा आणि त्या घरात पानाचा आकडा टाकायचा. 'एपिस्टोला' हा शब्द 'ई'च्या ओळीत, 'आय'च्या घरात जाई. बाराखडी घोकलेल्या आपल्याला ही मांडणी ओळखीचीच वाटेल. पण तिचा फायदा मोठा होता: विषय आधी ठरवून पानं राखून ठेवायला नकोत. नवं घर लागलं की पुढची कोरी पानं त्याला द्यायची. वही विकत घेतलेली, तक्ता मात्र वापरणाऱ्याने जोडलेला.

संगणकावरही हेच घडलं. एमआयटीत टेको नावाच्या संपादकाला वापरणाऱ्यांनीच आपापल्या सोयीच्या आज्ञा जोडल्या होत्या. १९७६मध्ये रिचर्ड स्टॉलमन आणि गाय स्टील यांनी त्या एकत्र बांधल्या, त्यातून ईमॅक्स उभा राहिला. पुढे २००३मध्ये कार्स्टन डॉमिनिक यांनी त्याला ऑर्ग-मोड जोडला. हे गृहस्थ खगोलशास्त्रज्ञ. त्यांना स्वतःची टिपणं आणि कामं आवरायची होती. शीर्षकाखालचा मजकूर मिटतो, उघडतो. निरनिराळ्या फाइलींत विखुरलेली तारीखवार कामं एका यादीत येतात.

मी माझी टिपणं ऑब्सिडियनमध्ये ठेवतो. शिदा ली आणि एरिका शू यांनी ते २०२०मध्ये आणलं, आणि त्याच वर्षी इतरांना प्लगइन लिहायची वाट मोकळी झाली. आज ती हजारांवर आहेत. बहुतेकांवाचून माझं काही अडत नाही. 'कॅलेंडर'मध्ये तारखेवर टिचकी मारली की त्या दिवसाचं टिपण उघडतं. 'टेम्प्लेटर' ठरलेला साचा भरून देतो: दप्तर, रुमाल, कागदाची तारीख, वाचल्याचा दिवस. 'डेटाव्ह्यू' या नोंदी चाळून हवा तो तक्ता मांडतो.

यातल्या शेवटच्या दोघांत एक फरक आहे आणि इतिहासाच्या अभ्यासकाने तो ओळखून असावं. ऑब्सिडियनची टिपणं साध्या मजकुराच्या फाइलींत असतात. टेम्प्लेटरने भरलेला मजकूर त्या फाइलीतच उतरतो. उद्या प्लगइन काढून टाकलं तरी तो राहतो. डेटाव्ह्यूचा तक्ता मात्र फाइलीत नसतोच, तिथे असते फक्त तो मांडण्याची आज्ञा. प्लगइन बंद पडलं की उघडणाऱ्याला तेवढीच दिसते. ही प्लगइन्स बहुधा एकेकट्या माणसांनी सवडीने लिहिलेली असतात, त्यामुळे ही भीती पोकळ नाही. २०२५मध्ये 'बेसेस' ही तशीच सोय मूळ ॲपमध्ये आली, पण तिथेही साठतात त्या अटीच.

लॉकचा आकडा शाईचा होता, वही उघडणाऱ्या कुणालाही दिसणारा. म्हणून डेटाव्ह्यूचा तक्ता मी काम चालू असेपर्यंत वापरतो आणि लेख पुरा झाला की त्यातल्या नोंदी आकड्यांसकट साध्या फाइलीत उतरवून ठेवतो.