म्हशीच्या काळजातला फोड आणि माणसाच्या पोटातला



बोकड, मेंढी किंवा म्हैस कापली की तिच्या काळजावर, म्हणजे यकृतावर, नाहीतर फोपशावर कधी कधी पांढरट फोड दिसतो. लिंबाएवढा, कधी त्याहून मोठा. आत स्वच्छ पाणी. कापणारा तेवढा भाग काढून बाजूला फेकतो आणि टपून बसलेलं कुत्रं तो उचलून नेतं. सातपुड्याच्या पायथ्याचा पाडा घ्या की चोपड्याखालचं तापीकाठचं गाव घ्या, हे चित्र आपल्याला नवं नाही. या फोडाची हकीकत मात्र मोठी जुनी आहे, आणि तिचा एक महत्त्वाचा भाग आपल्या मुंबईत घडला आहे.

ग्रीक वैद्य हिपॉक्रेटिस याला सुमारे 2400 वर्षांपूर्वी पाण्याने भरलेलं यकृत ठाऊक होतं. ते पाणी येतं कुठून, हे मात्र पुढे कित्येक शतके कोणाला उमगलं नाही. 1853 च्या सुमारास जर्मनीतल्या सीबोल्ड नावाच्या शास्त्रज्ञाने मेंढीतले फोड कुत्र्यांना खाऊ घातले. काही आठवड्यांनी त्या कुत्र्यांच्या आतड्यात बारीक चपटे जंत सापडले, लांबीने ज्वारीच्या दाण्याएवढे. 1863 मध्ये बर्लिनच्या नॉनिनने हाच प्रयोग माणसाच्या फोडावर केला आणि तेच घडलं. म्हणजे फेरा असा: फोड कुत्र्याने खाल्ला की कुत्र्यात जंत, जंताची अंडी कुत्र्याच्या विष्ठेत, तिथून गवतावर, भाजीवर, पाण्यात, आपल्या हाताला. गुराच्या पोटात अंडी गेली की गुराला फोड. माणसाच्या पोटात गेली की माणसाला फोड. तो वर्षानुवर्षे हळूहळू वाढतो आणि बहुधा फार उशिरा कळतो. फुटला तर जिवावर बेततं.

आता थोडं दूर जाऊ. उत्तरेकडच्या आइसलँड बेटावर मेंढ्या भरपूर, कुत्री भरपूर, आणि हा रोगही भरपूर. डेन्मार्कचा हाराल्ड क्राबे 1863 मध्ये तिथे गेला. त्याने 100 कुत्री तपासली, तर 28 कुत्र्यांत हे जंत निघाले. त्याने मोठा ग्रंथ लिहून तो कपाटात ठेवला नाही बरं का. साध्या भाषेत छोटी पुस्तिका लिहिली आणि 1864 मध्ये ती घरोघर फुकट वाटली गेली, आपल्या हातातल्या या पत्रकासारखीच. कापलेल्या जनावराचं फोड असलेलं काळीज कुत्र्याला देऊ नका, जाळा किंवा पुरा, हा तिचा गाभा. पुढे 1869 आणि 1890 मध्ये कायदेही झाले. नंतर जन्मलेल्या पिढीत रोग झपाट्याने ओसरला आणि विसाव्या शतकात त्या बेटावरून गेला. त्या वेळी यावर औषध म्हणावं असं काही हाती नव्हतं, हे ध्यानात घ्या.

पण एक कोडं उरलं होतं. मेंढीतला जंत, म्हशीतला जंत, उंटातला जंत हे सगळे एकच की निराळे? आपल्याकडे केळीत बसराई, श्रीमंती, ग्रँड नैन असे वाण आहेत. बाग तीच दिसते, पण वाण निराळा. तसे या जंतालाही वाण असतात. डोळ्याने, अगदी सूक्ष्मदर्शकानेही, ते नीट ओळखू येत नाहीत. 1992 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी जंताच्या आनुवंशिक द्रव्यावरून, म्हणजे डीएनएवरून, हे वाण ओळखण्याची रीत बसवली. वाणांना जी-1, जी-2 असे क्रमांक पडले. जी-1 मेंढीचा, जी-3 म्हशीचा, जी-5 गाईचा, जी-6 उंटाचा.

मग मुंबईच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर आपल्या पश्चिम भारतातल्या जनावरांचे 46 फोड तपासले. 2009 मध्ये निष्कर्ष छापून आले. 29 फोड म्हशीच्या वाणाचे, 9 गाईच्या, 6 मेंढीच्या, आणि 2 जी-2 चे. (हा जी-2 पुढे जी-3 चाच पोटभेद ठरला. शास्त्रातही सातबारा दुरुस्त होतो.) जगात बोलबाला मेंढीच्या वाणाचा, आपल्याकडे मात्र म्हशीचा वाण पुढे.

यावर कोणी म्हणेल, म्हशीचा आहे ना, मग म्हशीपाशीच राहील. इथेच फसगत आहे. 2013 मध्ये चंडीगडच्या मोठ्या रुग्णालयातल्या 32 रुग्णांच्या फोडांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. 17 जणांत म्हशीचा वाण निघाला, 13 जणांत मेंढीचा, एकात गाईचा आणि एकात उंटाचा. नाव म्हशीचं, पण बिऱ्हाड माणसात.

सबब नुसती मेंढी सांभाळून भागणार नाही. साक्रीकडचे ठेलारी बंधू खतासाठी शेतात मेंढ्या बसवतात, त्यांच्याबरोबर कुत्री असतात. दोष त्यांच्यावर टाकून आपण मोकळे होतो. आपल्या गोठ्यातली म्हैस मेली आणि नाल्यात टाकली, तर गावची कुत्री तिथेच जमतात, याचाही हिशेब धरा.

नवसाचा बोकड असो की मेलेलं ढोर, काळीज आणि फोपसं कुत्र्याला कच्चं घालू नका. फोड फोडून पाहू नका. कुत्र्याला उकरता येणार नाही इतका खोल खड्डा घेऊन पुरा, वर काटेरी फांद्या व दगड ठेवा, किंवा जाळून टाका. कुत्र्याला घालायचंच असेल तर निदान अर्धा तास उकळून मग घाला. कुत्र्यातला जंत साधारण सहा-सात आठवड्यांत अंडी घालू लागतो. त्याला प्राझिक्वान्टेल हे औषध किती व केव्हा द्यायचं ते जनावरांच्या दवाखान्यात विचारा. औषधाने जंत मरतात, अंडी मरत नाहीत. म्हणून त्यानंतर दोन-तीन दिवस कुत्रं बांधून ठेवा आणि त्याची विष्ठा पुरा. पोरांनी कुत्र्याशी खेळून तसंच भाकरीला हात घालू नये. कोथिंबीर, मेथी वाहत्या पाण्यात धुवा. उजव्या बरगडीखाली गाठ किंवा जडपणा वाटला, तर डॉक्टरांना घरी कुत्रं आहे का, गुरं-मेंढ्या आहेत का, हे आपणहून सांगा.