जात्याची घरघर, टेपची खरखर

महाडहून पोलादपूरकडे जाताना महामार्गाच्या दोन्ही अंगांना डोंगराच्या कुशीत लहान लहान वाड्या दिसतात. अशाच एका वाडीवर काही वर्षांपूर्वी आम्ही एका आजींच्या जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित करायला गेलो होतो. लॅपटॉप नवा होता, मायक्रोफोनही बरा होता. मायक्रोफोन जमिनीवर ठेवला, वायर जोडली आणि तासभर ओव्या घेतल्या. घरी येऊन ऐकतो तो काय! आधी जात्याची घरघर, तिच्याखाली विजेची एकसुरी गुणगुण, मागे घाटाकडे चढणाऱ्या ट्रकांचा आवाज, आणि या सगळ्यांच्या पलीकडे कुठेतरी आजी. यंत्र आजचे आणि आवाज मात्र शंभर वर्षांपूर्वीच्या तबकडीसारखा. असे का व्हावे? याचे उत्तर शोधताना आम्हाला ध्वनिमुद्रणाचा इतिहासच वाचावा लागला. तो वर्गात सांगण्याजोगा आहे, म्हणून हा लेख.

एडिसनने 1877 साली फोनोग्राफ बनवला. भारतात व्यापारी ध्वनिमुद्रण सुरू झाले ते 1902 च्या नोव्हेंबरात, कलकत्त्यात. तेथे फ्रेड गैसबर्ग याने गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले. त्या यंत्रात वीज नव्हती. गाणारी व्यक्ती एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून मोठ्याने गाई. हवेच्या दाबाने पडदा हले आणि पडद्याला जोडलेली सुई मेणाच्या तबकडीवर खाच कोरी. सुई कोरण्याचे सगळे बळ गळ्यातूनच यायचे. त्यामुळे हळू आवाज तबकडीवर उमटतच नसे. उंच स्वरांचीही तीच गत. साधारण 2,000 ते 2,500 हर्ट्झच्या वरचे फारसे काही पकडले जात नसे. आपण ‘स’ म्हणतो तेव्हा निघणाऱ्या सीत्काराचा मोठा भाग 4,000 हर्ट्झच्या वर असतो. म्हणून जुन्या तबकड्यांवर ‘स’ नीट ऐकू येत नाही. पहाटे घरातली माणसे झोपलेली असताना दबक्या आवाजात म्हटलेली ओवी त्या कर्ण्यात शिरणे कठीणच होते.

1925 च्या सुमारास मायक्रोफोन आणि विद्युत वर्धक आले. आता हळू आवाजही मोठा करून कोरता येऊ लागला. पण यंत्र अवजड, आणि एका तबकडीवर जेमतेम तीन-चार मिनिटे. त्यानंतर दोनच वर्षांनी, 20 मार्च 1927 रोजी, महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सत्याग्रह केला. त्या परिषदेतील भाषणे आपल्यापर्यंत पोहोचली ती छापील शब्दांतून. वाचताना वाक्ये कळतात, पण बोलणाऱ्याचा श्वास कुठे थांबला ते कळत नाही. आवाज जपणे किती मोलाचे असते, हे महाडच्या शिक्षकाला दुसऱ्या कुणी सांगायला नको.

पुढे चुंबकीय टेप आली आणि 1963 साली फिलिप्स कंपनीची कॅसेट आली. यंत्र पिशवीत मावू लागले आणि खेड्यापाड्यांत ध्वनिमुद्रण शक्य झाले. पण टेपबरोबर खरखरही आली. टेपवर लोह ऑक्साईडचे सूक्ष्म कण असतात. आवाज या कणांच्या चुंबकत्वाच्या रूपात साठतो. कण वेगवेगळे आणि विखुरलेले, म्हणून आवाज नसतानाही टेप ‘स्स्स’ करत राहते. कॅसेटची फीत अरुंद आणि तिचा वेग सेकंदाला फक्त 4.76 सेंटीमीटर. वाचक शीर्षासमोरून एका क्षणी थोडेच कण जातात, म्हणून खरखर जास्त.

यावरच्या उपायाचा भारताशी संबंध आहे. अमेरिकी अभियंते रे डॉल्बी 1963 ते 1965 या काळात युनेस्कोचे सल्लागार म्हणून चंदीगढच्या केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संघटनेत होते. ते भारतीय संगीताचे ध्वनिमुद्रणही करत. खरखर कमी करण्याची कल्पना त्यांना याच काळात सुचली. ती अशी : मुद्रण करतानाच हळू आवाज मुद्दाम वाढवून टेपवर घ्यायचा आणि ऐकताना तेवढाच कमी करायचा. खरखर टेपमध्ये नंतर मिसळते. ती मुळात वाढवलेलीच नसते, पण ऐकताना मात्र आवाजाबरोबर कमी होते. मूळ आवाज जसाच्या तसा राहतो. 1965 साली त्यांनी लंडनमध्ये आपली प्रयोगशाळा काढली.

1982 साली सीडी आली. येथे आवाज अंकांत साठतो. सेकंदाला 44,100 वेळा आवाजाची पातळी मोजायची आणि प्रत्येक माप 65,536 पायऱ्यांपैकी एका पायरीवर बसवायचे. अंकांना खरखर नसते. मग आमच्या लॅपटॉपमध्ये गुणगुण आली कुठून? ती आली अंक तयार होण्याच्या आधी. मायक्रोफोनमधून निघणारा विद्युतदाब काही हजारांश व्होल्ट इतका क्षीण असतो. संगणकाच्या पेटीत त्याच्या शेजारीच वीजपुरवठा, पंखा आणि इतर मंडले काम करत असतात. घरातल्या विजेची 50 हर्ट्झची गुणगुण त्या क्षीण दाबात सहज मिसळते. एकदा मिसळली की संगणक तिलाही तितक्याच प्रामाणिकपणे मोजतो!

कारण कळले की उपाय सुचतात. आम्ही चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवला आणि गुणगुण बरीचशी गेली. यूएसबीने जोडायची छोटी पेटी घेतली. तिच्यात आवाजाचे अंक संगणकाच्या बाहेरच तयार होतात. मुद्रणाची पातळी अशी ठेवली की सर्वांत मोठा आवाजही कमाल मर्यादेच्या सुमारे 12 डेसिबल खाली राहील. टेपवर पातळी थोडी ओलांडली तर आवाज जरासा जाड होतो. अंकांच्या मर्यादेबाहेर गेला तर लहरीचा माथाच छाटला जातो आणि तो परत मिळत नाही.

जात्याचे काय करायचे? दुसऱ्या खेपेला आम्ही आजींना म्हटले, “आजी, जाते न फिरवता नुसत्या ओव्या म्हणा.” त्यांनी दोन ओळी म्हटल्या आणि थांबल्या. म्हणाल्या, “हात फिरल्याशिवाय ओवी कशी यायची, गुरुजी?” आमची चूक तेथे उमगली. आम्ही जिला गोंगाट समजत होतो, ती घरघर त्या गाण्याची लय होती. ती काढून टाकायची नव्हती, मागे सरकवायची होती.

अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे 6 डेसिबलने उतरतो. मायक्रोफोन आजींच्या तोंडापासून एक वीत, म्हणजे सुमारे 20 सेंटीमीटरवर, किंचित बाजूला धरला. जाते त्याच्यापासून 80 सेंटीमीटरवर आले. अंतर चौपट, म्हणजे घरघर 12 डेसिबलने मागे गेली. जात्याखाली तरटाची घडी घातली, त्यामुळे जमिनीतून येणारा थरकाप थांबला. भिंतीवर दोन गोधड्या टांगल्या, घुमारा गेला. वेळ पहाटेची आणि महिना मार्चचा निवडला. पावसाळ्यात पत्र्यावरच्या सरींपुढे कुठलेच यंत्र टिकत नाही.

महाराष्ट्रात हे काम मोठ्या प्रमाणावर झालेले आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइत्वँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगावच्या बायकांकडून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. 1990 च्या दशकात संगणकतज्ज्ञ बर्नार्ड बेल यांनी त्या कामात ध्वनिमुद्रण आणि संगणकीय नोंदीची बाजू सांभाळली. ते मुद्रण टिकले, म्हणून ‘पारी’ या संस्थेला या ओव्या आज लोकांपुढे आणता येतात.

गौहर जान गाण्याच्या शेवटी आपले नाव उच्चारत. तबकडी तयार करणाऱ्या परदेशी कारागिरांना गाणे ओळखता यावे, हा त्यात हेतू होता. ही रीत आम्ही उचलली आहे. प्रथम दहा सेकंद शांत राहतो. ही शांतता पुढे उपयोगी पडते, कारण ऑडॅसिटीसारखी मोफत प्रणाली तिच्यावरून खोलीतला गोंगाट ओळखते आणि कमी करते. मात्र हे बेताने करावे, नाहीतर आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. मूळ प्रत कधीही पुसू नये. शांततेनंतर गाव, तारीख आणि म्हणणारीचे नाव बोलून घेतो.

आणि प्रती तीन ठिकाणी ठेवतो, त्यांतली एक तालुक्याबाहेर. जुलै 2021 मध्ये महाड शहर सावित्रीच्या पुरात बुडाले. तळिये येथे दरड कोसळून 80 हून अधिक माणसे गेली, पोलादपूर तालुक्यातही माणसे दगावली. त्या घरांत कितीजणींना ओव्या येत होत्या, हे आता कुणाला विचारणार? आपल्या वर्गातल्या मुलांच्या आज्या आहेत, काहींच्या घरी जातेही आहे. येत्या मार्चमध्ये एका पहाटे मुलांना घेऊन जरूर जावे.